सांताक्रूझला पहिल्यांदा जाताय? आधी भरतीची वेळ बघा

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात नवीन आलेल्या मराठी घरात पहिल्या महिन्याभरात एक प्रश्न हमखास निघतो: इथे समुद्र कुठे आहे? खाडीचं सपाट, मचूळ पाणी पाहून कोकणात वाढलेल्या माणसाचं समाधान होत नाही. उत्तर सोपं आहे. सॅन होझेहून हायवे १७ धरायचा, डोंगर ओलांडायचा आणि साधारण ३० मैलांवर सांताक्रूझमध्ये उतरायचं. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर सर्फिंगची पहिली नोंद याच गावातली आहे. शिवाय किनारा, कडे आणि रेडवुड या उंचच उंच झाडांचं जंगल एका दिवसात पाहता येईल अशी दुसरी जागा या भागात मला तरी माहीत नाही.

बहुतेक नवे लोक मात्र ठिकाणांची यादी घेऊन निघतात आणि दमून, थोडे हिरमुसून परततात. कुणी धुक्यात पोचतं, कुणी ऐन भरतीला खडकांतली समुद्री जिवांची डबकी बघायला जातं, कुणाची मुलं पाण्यात पाय घालून थंडीने रडत बाहेर येतात. या गावात काय कधी बघायचं हे समुद्र ठरवतो. म्हणून तयारी आदल्या रात्रीपासून करा.

आदल्या रात्री: तीन गोष्टी तपासा

पहिली गोष्ट भरती-ओहोटी. मोबाइलवर 'सांताक्रूझ टाइड' शोधलं की नोआ या सरकारी संस्थेचे आकडे मिळतात. इथेही दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या असतात, पण त्या सारख्या नसतात. एक ओहोटी दुसरीपेक्षा बरीच खोल जाते. आपल्याला हवी ती हीच. पाण्याची पातळी शून्याच्या खाली जाते त्या दिवशी आकड्यापुढे उणे चिन्ह दिसतं. तो दिवस खडक पाहण्यासाठी सर्वात चांगला. हिवाळ्यात या खोल ओहोट्या बहुधा दुपारी येतात, वसंतात आणि उन्हाळ्यात भल्या पहाटे. उधाणाच्या दिवसांत मुंबईत पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. इथला फरक त्याच्या साधारण निम्मा असतो. तरी तेवढ्यानेही कड्याखालची अख्खी पुळण गायब होते.

दुसरी गोष्ट लाटा. अंदाजात लाटेची उंची फुटांत असते आणि शेजारी सेकंदांत एक आकडा असतो. नवखे लोक उंची वाचतात आणि सेकंद सोडून देतात. तो आकडा म्हणजे एका लाटेनंतर दुसरी यायला लागणारा वेळ. आठ सेकंदांची चार फुटी लाट जवळच्या वाऱ्याने उठलेली असते, तिच्यात फारसा दम नसतो. सतरा सेकंदांची चार फुटी लाट दूरच्या वादळातून हजारो मैल चालत आलेली असते आणि किनाऱ्याजवळ येता येता बरीच उंच होते. अशा दिवशी समुद्र मध्येच दहा-पंधरा मिनिटं शांत बसतो, लोक बेफिकीर होऊन खडकावर पुढे सरकतात आणि मग मोठ्या लाटांची रांग येते. सेकंदांचा आकडा पंधराच्या वर दिसला की ओल्या खडकावर जायचं नाही, असा नियम घरात करून टाका.

तिसरी गोष्ट धुकं. जून ते ऑगस्ट सॅन होझेत ऊन तापतं तेव्हा इथे सकाळी स्वेटर लागतो. वाऱ्यामुळे खोल समुद्रातलं गार पाणी वर येतं, त्यावरची हवा थंड होऊन धुकं धरतं आणि आतला प्रदेश तापला की ते जमिनीकडे ओढलं जातं. बहुतेक दिवशी दुपारपर्यंत ते विरतं. आकाश खरं मोकळं मिळतं ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. भारतातून आई-बाबा येणार असतील आणि तारखा तुमच्या हातात असतील तर हेच दोन महिने धरा.

पाऊस पडून गेला असेल तर आणखी एक बघायचं: रस्त्यांवरची घाण नदी-नाल्यांतून समुद्रात उतरते, म्हणून पावसानंतर तीन दिवस पाण्यात जाऊ नये असं इथलं आरोग्य खातं सांगतं. नदीच्या मुखाशी आणि धक्क्याजवळ तर अजिबात नको.

निघताना

शनिवार-रविवारी घरातून आठच्या आत निघा. हायवे १७ चार पदरी आहे, पण वळणावळणाचा आणि कडेला थांबायला जागा नसलेला. उन्हाळ्यात दहानंतर तो तुंबतो. लायसन्स अजून हातात नसेल तर सॅन होझेच्या डिरिडॉन स्टेशनवरून 'हायवे १७ एक्सप्रेस' ही बस थेट सांताक्रूझला जाते. नव्याने आलेल्या कितीतरी विद्यार्थ्यांचा पहिला समुद्र या बसनेच होतो.

गाडीत बॅग, लॅपटॉप, पासपोर्ट असं काहीही दिसेल असं ठेवू नका. किनाऱ्यावरच्या पार्किंगमध्ये काचा फुटतात. कपडे थरांनी घाला आणि एक जोड कोरडा जास्तीचा घ्या. डबा घरचा न्या. धक्क्यावर खाणं मुख्यतः मासळीचं आणि महाग. शाकाहारी माणसाची तिथे आबाळ होते. थालीपीठ आणि दशम्या दिवसभर टिकतात. फक्त उघड्यावर खाताना डबा हातात धरा. इथले सीगल माणसाच्या तोंडाजवळून घास पळवतात.

राज्याच्या उद्यानांत गाडीमागे पार्किंगचे पैसे पडतात. तुमच्या शहराच्या ग्रंथालयात चौकशी करा. अनेक ग्रंथालयं आपल्या कार्डावर या उद्यानांचा पास पुस्तकासारखा घरी देतात.

पहिला थांबा: वेस्ट क्लिफ

आधी दिशा समजून घ्या. गाव माँटरे उपसागराच्या उत्तर टोकाला आहे आणि इथला किनारा वळून दक्षिणेकडे तोंड करतो. समुद्र म्हणजे पश्चिम हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, त्यामुळे मेन बीचवर सूर्यास्ताची वाट बघत बसलेली मंडळी नेहमी दिसतात. उन्हाळ्यात तिथे सूर्य गावामागे जातो. सूर्यास्तासाठी वेस्ट क्लिफ ड्राइव्हच्या पश्चिम टोकाला, नॅचरल ब्रिजेसला जायचं.

वेस्ट क्लिफ हा धक्क्यापासून तिथपर्यंत कड्यावरून जाणारा जवळपास तीन मैलांचा रस्ता. कडेने पक्की पायवाट आहे, सपाट आहे, बाकं आहेत. जानेवारी २०२३ च्या वादळांत कड्याचे काही भाग खचले, म्हणून जिथे कुंपण आहे तिथे ते ओलांडू नका. खाली पोकळ असतं.

वाटेत लाल विटांचं छोटं दीपगृह लागतं. समुद्रात बुडून मरण पावलेल्या मार्क अ‍ॅबट या तरुणाच्या आठवणीत त्याच्या आईवडिलांनी ते १९६७ मध्ये बांधलं. आत १९८६ पासून सर्फिंगचं संग्रहालय आहे. एकाच खोलीचं, पण जुने लाकडी बोर्ड बघण्यासारखे. ते रोज उघडं नसतं, वेळ पाहून जा. १८८५ मध्ये हवाईचे तीन राजपुत्र सॅन मटेओला शिकत होते. त्यांनी इथल्याच रेडवुडचे बोर्ड करून घेतले आणि सॅन लोरेन्झो नदीच्या मुखाशी लाटांवर स्वार झाले. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरची सर्फिंगची पहिली नोंद ती हीच.

दीपगृहासमोर खाली जी लाट फुटते ती स्टीमर लेन. इथे निदान अर्धा तास काढा, हे मी प्रत्येक नवख्याला आग्रहाने सांगतो. कठड्याला टेकून उभं राहिलं की सर्फर इतके जवळून जातात की बोर्डखालच्या पाण्याची सळसळ ऐकू येते. आधी लाटांची रांग ओळखायला शिका. बराच वेळ काही नसतं, सर्फर बोर्डवर बसून क्षितिजाकडे बघत असतात. मग दूरवर एक गडद रेघ उठते, तिच्यामागे दुसरी, तिसरी. सगळे एकदम आत वल्हवायला लागतात. लाट टोकाला अडते, तिथे सर्वात आधी फुटते आणि मग फेसाची कड सरकत सरकत गावाच्या दिशेने जाते. जो फुटणाऱ्या कडेच्या सर्वात जवळ उभा राहतो, लाट त्याची. बाकीचे बोर्ड मागे खेचून घेतात. हा नियम इथे कड्यावर पाटीवरही लिहिलेला आहे. काही सर्फर पायऱ्यांनी न उतरता सरळ खडकावरून उडी मारतात. नीट बघा, ते लाट येऊन आदळल्यावर, पाणी परत फिरायच्या क्षणाला उडी टाकतात, म्हणजे परतणारं पाणीच त्यांना आत घेऊन जातं. हे बघायचं, करायचं नाही.

हीच लाट टोकाला वळसा घालून धक्क्याकडे जाते तोवर तिचा जोर ओसरलेला असतो. तिथे तिचं नाव बदलून काउल्स होतं आणि तीच नवशिक्यांची शाळा. एका टोकाला निष्णात, पाव-अर्ध्या मैलावर पहिल्यांदा बोर्डवर उभी राहणारी दहा वर्षांची मुलगी, आणि दोघांनाही तीच लाट. सर्फिंग बघायला हे गाव इतकं चांगलं का, ते या कड्यावर उभं राहिल्यावर कळतं.

ओहोटीला: नॅचरल ब्रिजेस

आदल्या रात्री बघून ठेवलेली ओहोटी इथे वापरायची. नोंदवलेल्या वेळेच्या तासभर आधी पोचा, म्हणजे पाणी उतरत असताना खडकांवर जाल आणि चढायला लागलं की बाहेर. समुद्रातल्या खडकाला पूर्वी तीन कमानी होत्या, आता एकच उरली आहे. किनाऱ्याच्या उजव्या हाताला खडकांत डबकी आहेत. घाई केली तर फक्त शेवाळ दिसतं. एका डबक्यापाशी उकिडवं बसा आणि दोन मिनिटं हलू नका. मग चालणारा शंख दिसतो, त्यातून खेकड्याचे पाय बाहेर येतात. हिरवी समुद्रफुलं उघडतात, कपारीत जांभळा किंवा केशरी तारामासा चिकटलेला असतो. इथून शिंपला, दगड, काहीही उचलून न्यायला मनाई आहे, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. पाठ समुद्राकडे करायची नाही.

याच उद्यानात ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत मोनार्क फुलपाखरं हिवाळा काढायला येतात. पार्किंगपासून लाकडी पायवाट निलगिरीच्या राईत उतरते. सकाळी थंडीत गेलात तर फांद्यांवर वाळक्या पानांचे घोस लटकल्यासारखे दिसतील आणि तुम्ही म्हणाल, फुलपाखरं कुठे आहेत? तीच ती. पंख मिटून एकमेकांना धरून बसलेली. साधारण १३ अंशांखाली त्यांना उडता येत नाही. म्हणून ऊन असलेल्या दिवशी अकरा ते दोनच्या दरम्यान जा. ऊन फांदीवर सरकलं की घोस नारंगी होऊन सुटतो. त्यांची संख्या गेल्या काही दशकांत फार घटली आहे, एखाद्या वर्षी थोडीच दिसतात. तिथे हळू बोला.

पाण्यात उतरायचं असेल तर

हे पाणी आपल्या अरबी समुद्रासारखं नाही. वर्षभर ११ ते १५ अंश. जीन्स किंवा साडी गुडघ्यापर्यंत भिजवून लाटांत खेळायची आपली सवय इथे महागात पडते. पहिल्या मिनिटात श्वास अडखळतो, पाच-दहा मिनिटांत हातापायांतली ताकद कमी होते. पोहता येणाऱ्यालाही.

लहान मुलांसाठी लाइफगार्ड असलेला किनारा निवडा: मेन बीच, काउल्स किंवा बंदराजवळचा ट्विन लेक्स. लाइफगार्डना उतरल्याबरोबर विचारा, आज कुठे जाऊ नये. ते आनंदाने दाखवतात. लाटांच्या रांगेत जिथे फेस नाही आणि पाणी गढूळ, सपाट दिसतं तिथे बहुधा पाणी आत ओढत असतं, आणि नवख्याला तीच जागा शांत वाटते. ओढलं गेलात तर किनाऱ्याकडे झगडू नका. तरंगत राहा, हात वर करून हलवा, जमेल तसं किनाऱ्याला समांतर पोहून ओढीच्या बाहेर पडा. काठावरच्याने मागोमाग उडी न मारता लाइफगार्डला किंवा ९११ ला हाक द्यायची.

सर्फिंग करून बघायचं असेल तर पहिल्या वेळी शिकवणीच घ्या, नुसता बोर्ड भाड्याने घेऊ नका. शिकवणीत मऊ फोमचा लांब बोर्ड आणि वेटसूट मिळतो. निओप्रीन या रबराच्या या सूटला बाजार मिळवून देणाऱ्यांत जॅक ओनील हे नाव मोठं, आणि त्यांनी आपलं दुकान १९५९ मध्ये याच गावात आणलं. सूट घालायला वेळ लागतो, चेन पाठीवर येते, गळ्याशी घट्ट वाटतो. तो बरोबर बसलाय याची खूण तीच. आत शिरलेलं थोडं पाणी आधी कळ आणतं, मग अंगाच्या उबेने गरम होतं.

वेळ ठरवताना पुन्हा ओहोटी बघा. काउल्सची लाट कमी पाण्यात चांगली फुटते. ऐन भरतीला ती किनाऱ्यापर्यंत नुसती हेलकावते आणि पुळणही उरत नाही. पहिले काही प्रयत्न पोटावर झोपूनच फेसाबरोबर या. मग उभं राहा. नजर बोर्डवर ठेवली की पडायला होतं, समोर काठावर ठेवा. पडताना डोक्यात न जाता आडवे पडा, वर येताना हात डोक्यावर धरा, बोर्ड सोडून देऊ नका. वयाची अट कुणी घालत नाही. चाळिशीत शिकणारे मराठी आईबाप मी इथे पाहिले आहेत आणि त्यांच्याइतका आनंद कुणाच्याच तोंडावर दिसत नाही.

बोर्डवॉक आणि धक्का

बोर्डवॉक म्हणजे १९०७ पासूनची समुद्रकाठची जत्रा. आत जायला पैसे नाहीत, पाळण्यांना आहेत. जायंट डिपर हा १९२४ चा लाकडी रोलरकोस्टर अजून धावतो. एवढ्यासाठी तिकीट काढावं. हिवाळ्यात आठवड्याच्या मधल्या दिवशी पाळणे बंद असतात. शेजारचा लाकडी धक्का १९१४ चा. डिसेंबर २०२४ च्या वादळात त्याचं टोक तुटून समुद्रात गेलं. उरलेल्या धक्क्याखाली आडव्या तुळयांवर सी लायन झोपलेले असतात. दिसायच्या आधी त्यांचं भुंकणं ऐकू येतं.

दुपारी जंगल

धुकं हटलं नाही किंवा वारा सुटला तर हट्ट धरू नका, सरळ हायवे ९ ने फेल्टनला जा. वीस मिनिटांत हेन्री काउल रेडवुड्स उद्यान येतं. तिथली रेडवुडची फेरी मैलाहून कमी, पूर्ण सपाट, बाबागाडी आणि व्हीलचेअर दोन्हींना चालणारी. सर्वात उंच झाड सुमारे २७७ फूट आणि वय अंदाजे १,५०० वर्षं. एका झाडाच्या पोकळ बुंध्यात वाकून शिरता येतं. आत डोळे सरावायला वेळ द्या. किनाऱ्यावर ज्या धुक्याला आपण वैतागतो तेच कोरड्या उन्हाळ्यात या झाडांना जगवतं. पानांवर जमून ते थेंबाथेंबाने मुळांशी उतरतं. उद्यानाला लागूनच रोअरिंग कॅम्पची वाफेची गाडी आहे. माथेरानच्या गाडीत बसलेले आजी-आजोबा इथे खुलतात.

बिग बेसिन हे कॅलिफोर्नियाचं सर्वात जुनं राज्य उद्यान, १९०२ चं. ऑगस्ट २०२० च्या वणव्यात ते जवळजवळ पूर्ण जळलं. आता काही भाग उघडा आहे. काळे ठिक्कर बुंधे आणि त्यांच्या अंगावर खालपासून वरपर्यंत फुटलेली पोपटी पालवी. मी म्हणेन, दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला जरूर जा, पण आधी पार्किंगचं आरक्षण बघा. जंगलात मोबाइलची रेंज जाते, नकाशा आधीच उतरवून ठेवा.

पुढच्या खेपांसाठी

पूर्वेला कॅपिटोला: खाडीच्या तोंडाशी रंगीत घरं, शांत पाणी, लहान मुलांना सोयीचं. त्यापलीकडे सीक्लिफला पहिल्या महायुद्धाच्या वेळचं काँक्रीटचं जहाज, एसएस पालो आल्टो, मोडून पाण्यात पडलंय. त्यावर आता पक्ष्यांचं राज्य आहे. त्याच्यापर्यंत जाणारा लाकडी धक्का २०२३ च्या वादळानंतर पाडावा लागला. अ‍ॅप्टॉसच्या निसीन मार्क्स जंगलात १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपाचं केंद्र होतं.

उत्तरेला हायवे १ वर आधी वाइल्डर रँच, कड्यावरून चालायला अप्रतिम. डेव्हनपोर्टच्या अलीकडे शार्क फिन कोव्ह, पाण्यातून वर आलेल्या शार्कच्या परासारख्या सुळक्याचं. उतरायची वाट घसरडी, ज्येष्ठांनी वरूनच बघावं. आणखी पुढे आन्यो न्यूव्हो. १५ डिसेंबर ते ३१ मार्च तिथे एलिफंट सील पिल्लांना जन्म देतात, नर एकमेकांवर आदळतात. त्या काळात वाटाड्याबरोबरच जाता येतं, साधारण तीन मैल वाळूतून चालावं लागतं आणि जागा लवकर भरतात. दोन टनांचं जनावर वाळूवर किती वेगाने धावतं ते पाहिलं की वाटाड्या अंतर का राखायला लावतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

परतताना

रविवारी दुपारी तीन ते सात या वेळात हायवे १७ उत्तरेकडे रांगत असतो. एकतर अडीचला निघा, नाहीतर सूर्यास्त बघून, गावातच जेवून आठनंतर. घाटमाथ्यावर रात्री धुकं असतं. तिथे दिवे लो बीमवर ठेवा, पुढच्या गाडीपासून अंतर वाढवा आणि उजवी मार्गिका धरा. वळणं लागणाऱ्यांना पुढच्या सीटवर बसवा. आलेपाक किंवा आवळासुपारी डॅशबोर्डवर ठेवा, डिकीत नको.